उजव्या बाजूची कळ

"कुठलीही लिफ्ट असो, नुसता आवाज ऐकून मी बिघाड सांगतो!" ही त्या लिफ्ट-मेकॅनिकची बढाई, आणि लिफ्टपुरती ती खरीही होती. पण त्या दुपारी बायकोचा फोन आला, "ओटीपोटात उजवीकडे कळ येतेय. लवकर येशील घरी?" आणि या पठ्ठ्याने लिफ्टच्या टपावर बसल्या बसल्या निदान करून टाकलं. अपेंडिक्स!

"अरे, दर महिन्याला दुखतं मला. ऐक तर..."

"अंगावर काढू नकोस!" म्हणत त्याने फोन ठेवला आणि थेट आईला लावला. आईने विहीणबाईंना लावला. तो घरी पोचतो तर दोघी कपड्यांच्या पिशव्या घेऊन हजर. "ऑपरेशन म्हणजे आठ दिवस तरी जातील!"

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि फक्त नवराबायकोला आत बोलावलं. "अपेंडिक्स ठणठणीत आहे. अंडं बाहेर पडताना काहीजणींना अशी कळ येते. पोट जड वाटतं, छाती हुळहुळी होते. गरम पाण्याच्या पिशवीने शेका. आणि मूल हवं असेल तर आज-उद्याचा दिवस वाया घालवू नका."

सहा वर्षं दोघं वाट बघत होते. दोन्ही आयांना मात्र "आम्हालाच इतक्यात नको" असं ठणकावून सांगितलेलं. दर महिन्याला ती बाथरूमचा नळ सोडून रडायची.

"म्हणून तर लवकर बोलावलं होतं," ती म्हणाली. "अख्खं खानदान गोळा कर, असं नव्हतं म्हटलं!"

घरी येताच आई पलंगावर सुनेशेजारी आडवी झाली. सासूबाईंनी उशाशी खुर्ची ओढली. "आता पेशंटला एकटं सोडायचं नाही! तुम्ही बाहेर सोफ्यावर झोपा, जावईबापू."

तो दारातच उभा राहिला. कान लालबुंद झाले होते. "आई, आम्हाला मूल हवंय गं. सहा वर्षं झाली. तुम्हाला खोटं सांगत होतो. आणि... डॉक्टर म्हणाल्या, आजचाच दिवस आहे."

आई उठली, सुनेच्या गालावरून हात फिरवला. "एवढं एकटीने सोसलंस होय गं?" दोन मिनिटांत दोघी विहिणी पिशव्यांसकट जिना उतरत होत्या.

त्या महिन्यात काही झालं नाही. बायको रडली, पण नळ न सोडता, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून.

पुढच्या महिन्यात एका सकाळी सातला फोन वाजला. आई होती, आणि मागून सासूबाई प्रॉम्प्टिंग करत होत्या. "आम्ही दोघींनी दिवस मोजलेत! आजपासून तीन दिवस आम्ही तिकडे फिरकत नाही. आणि तू त्या लिफ्टा सोड, रजा टाक!"

"हो," म्हणून तो मुकाट्याने अर्ज लिहायला बसला. कारणाच्या रकान्याशी येऊन पेन अडलं.