दिवेकर खोली घेतो

दिवेकर शांतता रेकॉर्ड करतो. गंमत नाही, खरंच करतो. उज्जैनला, फ्रीगंजात, पिठाच्या चक्कीच्या वर त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना गोणपाट, दाराला रजई, खिडकीला दुसरी रजई. भजनी मंडळं येतात, कथेकरी येतात, निवडणूक आली की पुढारी येतात. सगळे घसे खाकरून तयार झाले की दिवेकर हात वर करतो.

"थांबा. आधी मी खोली घेतो."

मग एक मिनिट कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. पंखा बंद. मे महिना असला तरी बंद. ते मिनिट तो माणसांसकट भरून घेतो आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. डब्यावर चिठ्ठी: 'शांतता. मंगळवार. माणसं सात, एकाला सर्दी.'

राम घाटावरचे एक पंडाजी त्याच्यावर खवळले होते. "दिवेकरजी, चुप बैठने के लिए बुलाया है क्या?"

दिवेकर म्हणाला, "पंडितजी, बोलना तो आपका पूरे शहर ने सुना है."

खोली घेण्याला कारण होतं. जुन्या मशीनवर पट्टी असायची. गाणारा चुकला की दिवेकर ब्लेडने पट्टी कापायचा आणि दोन टोकं चिकटवायचा. मध्ये खड्डा पडला तर तिथे शांतता भरायचा. पण ती त्याच दिवसाची आणि त्याच माणसांची लागते. दुसरी लावली तर ऐकणाऱ्याचा कान चोरी पकडतो म्हणे. कापलेले तुकडेही तो फेकत नसे. कोणाचा खोकला, कोणाचं 'अरे देवा', सगळं डब्यात.

मी रेल्वेत सांधेवाला होतो, रूळ जोडून गाडी वळवायचो. शिकलो चार बुकं. पण सांधा म्हणजे काय ते मला कळतं, आणि चुकला तर काय होतं तेही मी एकदा पाहिलंय. म्हणून आमचं जमलं. रोज दुपारी मी त्याच्याकडे जाऊन बसतो. घरी बसून भिंतीशी बोलायचं का?

दिवेकर पंचावन्नचा, बिनलग्नाचा, काडीसारखा. पाल, फ्यूज, पोस्टमन, सगळ्याला भितो. सगळ्यात जास्त भ्यायला तो नव्या मशीनला. त्या वर्षांत फ्रीगंजात रोज काहीतरी नवं येत होतं आणि जुन्या कामाचा एकेक माणूस घरी बसत होता. कॅसेटवाले सीडी मागायला लागले. दिवेकरनं इंदूरहून मशीन आणलं. पट्टी नाही, काही नाही. गाणं आतल्या डिस्कवर जातं आणि बाहेर छोट्या काचेवर फक्त नाव दिसतं.

"नाना, पट्टी कापली की तुकडा हातात राहतो. ह्यात कापलं तर ते जातं कुठे?"

मला काय विचारतोस म्हटलं. त्यानं इंदूरला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "कहीं नहीं जाता साहब, मिट जाता है." दिवेकर दोन दिवस जेवला नाही.

त्याच मशीनवर आमच्या हिचं गाणं झालं. ही म्हणजे माझी बायको, कमल. माधव नगरच्या बायकांचं भजनी मंडळ होतं आणि ही पुढे म्हणायची. देवीच्या पदाची पहिली ओळ एकटी, पेटी-तबला मागून. दिवेकरनं खोली घेतली. मग हिनं पहिली ओळ म्हटली, आणि खोकली. लहानसाच खोकला. मी कोपऱ्यात बसलो होतो. मी कपाळाला हात लावला. तिनं ते पाहिलं. मग दुसरी ओळ म्हटली, पुढचं सगळं पद म्हटलं, पण माझ्याकडे परत बघितलं नाही.

दिवेकर म्हणाला, ह्या मशीनला मागचं-पुढचं छाटता येतं, मधलं कापता येत नाही. ही म्हणाली, "असू दे भाऊजी, नंतर पुन्हा म्हणू." नंतर झालंच नाही. तो खोकला दिवाळीपर्यंत वाढला आणि माघात ती गेली.

दिवेकरनं मला त्या पदाची एक कॅसेट करून दिली होती. मी रोज लावायचो. खोकला यायच्या आधी कानांवर हात ठेवायचो आणि मनात तीन मोजून काढायचो. एक दिवस टेपनं कॅसेट खाल्ली. चुरगळलेली पट्टी मी बाहेर काढली आणि सरळ करायला तिच्यावर इस्त्री फिरवली. करू नका. इस्त्रीला काळा गोळा चिकटून आला.

दुसरी कॅसेट करून घ्यायला गेलो तर दिवेकर दारातच उभा. तोंड पांढरं. आदल्या दिवशी व्होल्टेज उसळलं होतं. मशीन चालू व्हायचं, काचेवर 'कमल वहिनी' नाव यायचं, पण आवाज नाही. काही केल्या नाही. घरात हिचा फोटो आहे, लुगडी आहेत. आवाज तेवढा तिथे होता, त्या मशीनमध्ये.

इंदूरवाला म्हणाला, कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलंय, सीडी पाठवतो, घातली की मशीन सुधरेल. सीडी आली. बरोबर इंग्रजी कागद. दिवेकर बोट ठेवून ठेवून वाचायला लागला.

"आता गाणं मधूनही कापता येईल. एकाचे दोन करता येतील. दोनाचं एक करता येईल. चुकलं तर पाऊल मागे घेता येईल."

"किती पावलं?"

"एकच." त्याचं बोट कागदाच्या तळाशी गेलं. "आणि खाली जाड अक्षरात लिहिलंय. मशीन ही सीडी वाचत असताना वीज जाता कामा नये. गेली तर आतलं काही राहणार नाही."

"उज्जैनात?" मी म्हटलं.

अकरा दिवस त्यानं सीडीला हात लावला नाही. देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, पण घातली नाही. कोणाकडून तरी बॅटरीचा डबा उसना आणला. मशीनला लावून पाहिला तर तो मिनिटभरात शिट्टी मारून मेला. मग दिवेकर वीज मंडळाच्या दफ्तरात गेला. दिवे कधी जाणार ते कागदावर लिहून द्या म्हणाला. तिथला बाबू म्हणाला, "भैया, ये तो महाकाल भी लिख के नहीं देंगे."

शेवटी मीच ओरडलो. "अरे, घालत नाहीस तर तसाही आवाज नाहीच आहे! घाल एकदाची." ओरडलो खरा, पण भीती मलाही होती. नाव तरी दिसत होतं काचेवर. ते गेलं तर?

दिवेकरनं वेळ काढली. रोज दुपारी एकला बत्ती जाते, तीनला येते. नुकतीच परत आलेली बत्ती तासभर तरी जायची नाही. म्हणजे तीनला आली की घालायची. आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून राहिलो. तीनला दिवा लागला. दिवेकरनं नमस्कार केला, सीडी घातली, बटण दाबलं. काचेवर एक रेघ उजवीकडे सरकायला लागली. आणि खालून घर्र आवाज आला, आणि दिवा पिवळा पडला.

चक्की! दोन तास खोळंबलेली चक्की. आम्ही दोघांनी सगळ्या उज्जैनची वीज मोजली आणि पायाखालची विसरलो.

"नाना!" दिवेकर एवढंच म्हणाला. बाकी सगळं त्याच्या डोळ्यांत होतं.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. खांद्यावर लाल गमछा होता. तीस वर्षांची सवय, हातानं आपोआप तो फडकवला आणि मी चक्कीसमोर आडवा उभा राहिलो. "बंद कर! बंद कर!"

चक्कीवाला म्हणाला, "नाना, गेहूँ डाल दिया है."

"निकाल!"

माझं तोंड बघून त्यानं पट्टा उतरवला. बाया डबे घेऊन रांगेत होत्या. एक म्हणाली, "नानाजी, क्या रेल आ रही है?"

"हाँ," मी म्हटलं.

मग मी तसाच उभा. वर जायची हिंमत नव्हती. खिडकीला रजई, वरचं काही ऐकू येत नाही. रेघ पोचली की विझली, काय कळणार? गमछा धरलेला हात दुखायला लागला. मी तो खाली केला नाही. खाली केला आणि वीज गेली तर?

तेवढ्यात वर काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. दिवेकरनं खिडकीची रजई खिळ्यांसकट ओढून काढली होती. त्या खोलीला खिडकी आहे हे रस्त्यानं प्रथमच पाहिलं. आणि तिथून आमची ही म्हणाली. पहिली ओळ. अख्ख्या रस्त्यावर. मग खोकली. माझे हात या वेळी कानांवर गेले नाहीत. एकात गमछा होता, दुसऱ्यानं मी चक्कीचा खांब धरला होता.

चक्कीवाल्याला चालव म्हणून सांगून वर गेलो आणि म्हटलं, "दिवेकर, आता मधलं कापता येतं ना? तो खोकला काप."

"नाना, पाऊल एकदाच मागे येतं."

"काप म्हणतो ना. मी कपाळाला हात लावला म्हणून तो तिच्या जिवाला लागला."

त्यानं कोऱ्या कॅसेटी काढल्या. आधी सगळ्याची कॅसेट करून घेतली, मग दुसरी, मग तिसरी. मग घाम पुसत कापलं. गाणं लावलं. पहिली ओळ, मग धाडकन खड्डा, मग दुसरी ओळ. कोणी विहिरीत पडल्यासारखा खड्डा. मी उठलोच.

"थांबा," दिवेकर म्हणाला. "त्या दिवशीची खोली आहे."

त्यानं ती भरली. पुन्हा लावलं. पहिली ओळ झाली आणि मग शांतता आली, पण रिकामी नव्हती. कोणीतरी हळू श्वास घेतला. एक बांगडी दुसरीवर टेकली.

"कोण हे?"

"वहिनी. माईकपाशी त्याच होत्या. तुम्ही कोपऱ्यात होता, तुमचा श्वास जाड आहे, तो मागे ऐकू येतो."

तिचा खोकला काढला आणि त्या जागी तिलाच बसवलं. मी पुन्हा लाव म्हटलं. त्यानं सात वेळा लावलं.

"आणि खोकला मिटला?"

दिवेकर दुसरीकडे बघत म्हणाला, "एकाचे दोन करता येतात ना आता. कापायच्या आधी वेगळा करून शेवटी ठेवलाय. तुम्हाला लागला तर आहे."

मी त्याच्या डब्यांकडे बघत बसलो. सगळ्यात वर, हार घातलेला एक जुना डबा आहे. इतकी वर्षं मला वाटायचं त्यात देव आहे. त्या दिवशी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. 'शांतता. घर. माणसं दोन.'

"हे काय रे?"

"बाळू. माझा धाकटा भाऊ. मुका होता." त्यानं डबा उतरवला, हार बाजूला ठेवला. "सगळ्यांचे आवाज भरायचो मी. त्याला पण भरायचं होतं. तो म्हणे, म्हणजे खुणेनं म्हणे, माझं घे की. काय घेणार? मग तो माईकसमोर बसला, मी यंत्रापाशी, आणि एक मिनिट आमची खोली घेतली. फार खूश झाला. नंतर वर्षभरात गेला."

जुनं मशीन त्यानं सुरू केलं. पट्टी फिरली. नाकातून श्वास, मग पाय घासल्याचा आवाज, मग मध्येच कोणी हसू दाबलं. बिनआवाजाचं हसू, नुसती हवा. दिवेकरनं बोट वर केलं. "हे. हे त्याचं."

मिनिट संपलं. खाली चक्की पुन्हा सुरू झाली आणि दिवा पिवळा पडला. आम्ही दोघंही त्याकडे बघत राहिलो. गेला नाही.

मी उठून पंखा बंद केला. दाराची रजई नीट लावली. खिडकीत फाटकी रजई कोंबली आणि माईकसमोर स्टूल ओढून बसलो.

"काय करता नाना?"

"घे," मी म्हटलं. "माणसं दोन लिही."