अक्रोडाचा दस्ता

पुंडलिकराव ओसरीवर उभे राहून दात घासत होते आणि याला आता बराच वेळ झाला होता. मंजन कधीच संपलं होतं. बोट नुसतंच दातांवरून फिरत होतं आणि डोळे रस्त्यापलीकडच्या घरावर होते. तिथे मधुकरराव तुळशीला पाणी घालत होते. तुळशीशेजारच्या खाटेवर त्यांची रायफल उन्हात ठेवलेली होती. तिच्या दस्त्यावर, पुंडलिकरावांनी डोळे बारीक करून पाहिलं, काल नव्हती अशी ॲल्युमिनियमची एक पट्टी चमकत होती.

"अवं, पाह्य तं! त्यानं आज अजून काईतरी ठोकलं!" पुंडलिकराव घरात तोंड करून ओरडले.

"चूळ भरा आधी," आनंदाबाई आतून म्हणाल्या. "त्या रायफलीपायी तुमचे दात झिजून जातीन एखाद्या दिवशी."

तळेगावात संत्र्याचे बगीचे पुष्कळ, पण नेमबाजीच्या रायफली दोनच. दोन्ही या समोरासमोरच्या घरांत होत्या. कामठीच्या एका निवृत्त मेजरने आपल्या जवळचा जोड विकायला काढला, तेव्हा पुंडलिकराव आणि मधुकरराव एकाच बसने गेले आणि एकेक घेऊन आले. झेकोस्लोव्हाकियात बनलेल्या, पॉइंट टू-टूच्या, बोल्ट ओढून एकेक गोळी भरायच्या रायफली. कारखान्याचे नंबरसुद्धा पाठोपाठचे. लांब जाड नळी, डोळ्याजवळ नेम धरायचं बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाशी नेम जुळवायची माशी आणि खाली अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. बोल्टचा आवाज इतका गोड होता की पुंडलिकराव घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तो ऐकवायचे. गांधीजींचं सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथे हा नाद शोभत नाही, असं त्यांचे सासरे एकदा म्हणाले होते. "कागदाले मारतो मामाजी, आन् तो कागद बी आपलाच असते," असं जावयाने उत्तर दिलं.

सुरुवातीला दोघांचा नेम बरोबरीचा होता. मग मधुकररावांना सुधारणेचं खूळ लागलं. त्यांनी आधी दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाची उंच पट्टी बसवली. मग अंगठ्यासाठी दस्त्याला आरपार भोक पाडलं. मग खांद्याकडची बाजू कापून तिथे पेचाने मागेपुढे होणारी लोखंडी पाटी लावली. आणि तेव्हापासून वर्ध्याच्या जिल्हा सामन्यात दरवर्षी पहिला नंबर मधुकररावांचा आणि दुसरा पुंडलिकरावांचा. मधुकररावांनी सगळे कप खिडकीत मांडले होते, तेही रस्त्याकडच्या. पुंडलिकरावांना सकाळी सूर्य दिसायचा तो त्या कपांमध्ये.

त्यांचा जीव जळायचा. ते कोणापासून लपवतही नव्हते. मधुकररावांच्या बगीच्यात बहार चांगला आला तर त्यांना काही वाटत नसे, मधुकररावांचा मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा यांनीच पेढे वाटले होते. पण त्या दस्त्यावर एक नवीन पेच दिसला की यांना दुपारचं जेवण जात नसे.

"माणूस काई मोठा नेमबाज नाई," ते म्हणायचे. "त्या पट्ट्या नेम धरतात. मी बी माझ्या रायफलीले दस्ता करून घेतो. मंग पाह्यजो!"

"आपली चांगली हाय ना," आनंदाबाई म्हणाल्या. "कारखान्यातून आली तशीच कोरी. काऊन तिले हात लावून राह्यले?"

आनंदाबाईंचा त्या दस्त्यावर जीव होता. दर दसऱ्याला त्या रायफलीची पूजा करायच्या. एका दसऱ्याला कुंकवात तेल जास्त झालं आणि दस्त्याच्या बुडाशी पिंपळपानाएवढा लाल डाग अक्रोडात मुरून बसला, तो पुसता पुसला गेला नाही. पुंडलिकराव त्यावरून तेव्हा आठवडाभर रागावले होते. पण आता त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ॲल्युमिनियम होतं.

कवडू सुतार पंचक्रोशीत बैलबंड्या आणि जू करण्यात पहिला. त्याने रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "भाऊ, हे तं एका बैलाचं जू हाय. माप बरोबर पाह्यजे. बैलाले जू रुतलं तं बैल सांगत नाई, म्हून म्या आधी मातीचा ठसा घेतो."

आणि खरोखरच त्याने भिजवलेल्या चिकणमातीचा गोळा आणला, पुंडलिकरावांना ओसरीवर पालथं निजवलं, हातात रायफल दिली आणि गालाखाली गोळा दाबला. इथे पुंडलिकरावांची एक सवय सांगायला हवी. सकाळची चूळ भरून झाली की त्यांच्या उजव्या गालात पान जायचं, ते रात्री निजायच्या वेळीच बाहेर यायचं. एक संपायच्या आत दुसरं. लग्नात त्यांचा उजवा गाल पाहिलेले लोक आता फार थोडे उरले होते. मातीत ठसा उमटत होता तेव्हाही गालात तोबरा होता.

"बोलू नोका भाऊ. गाल हालते."

पुंडलिकरावांनी "हं" केलं. त्यांना बोलता येतच नव्हतं.

दस्ता तयार झाला. शिसवीचा, काळाभोर, आणि वजनाने असा की कवडूने तो खांद्यावर घालून आणला. पण पुंडलिकरावांनी पालथं पडून गाल टेकवला मात्र, डोळा थेट भोकासमोर! मान ताणावी लागत नाही, डोकं उचलावं लागत नाही. गाल दस्त्यात असा बसला की त्यांना तिथेच डुलकी येईलसं वाटलं.

"आन् हे जुनं लाकूड?" कवडूने विचारलं.

"चुलीत घालजो."

आनंदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

गावाबाहेरच्या बंद खदानीत रविवारी सराव चालायचा. त्या रविवारी पुंडलिकरावांनी कागदाच्या काळ्या ठिपक्यात अशा गोळ्या घातल्या की सगळ्या मिळून एकच भोक झालं. मधुकररावांनी तो कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, नव्या दस्त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आन् जुना कुठं हाय?"

"चुलीत," पुंडलिकराव पान सावरत म्हणाले.

मधुकररावांचा चेहरा पडला. पुंडलिकरावांना त्या रात्री कित्येक वर्षांनी भाकरी गोड लागली. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या खाटेवर रायफल दिसेनाशी झाली. "लपवून राह्यला," पुंडलिकराव खूश होऊन म्हणाले. "डरला!"

सामन्याच्या दिवशी ते आनंदाबाईंना घेऊन वर्ध्याला गेले. आपल्या हाती कप येताना बायकोने पाहिलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. घरच्या खिडकीतली एक जागासुद्धा त्यांनी पुसून ठेवली होती. आनंदाबाईंनी पिशवीत संत्री घेतली आणि बसस्टँडवर आलुबोंडे बांधून घेतले.

पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी रांगेसमोरून फिरत हुकूम सोडला, "लाईनीवर पान, तंबाखू, बिडी बिलकुल बंद! मागच्या साली कोणीतरी सतरंजी लाल करून ठेवली. थुंकून या, चूळ भरा, मग झोपा!"

पुंडलिकराव निमूटपणे गेले, थुंकले, चूळ भरली, परत आले, सतरंजीवर पालथे पडले आणि त्यांनी दस्त्यावर गाल टेकवला. गाल खाली गेला. आणखी खाली गेला. भोक कपाळाजवळ कुठेतरी राहिलं आणि डोळ्यापुढे नुसतं काळं लोखंड आलं.

त्यांनी मान वर उचलून पाहिलं. भोक दिसलं, पण मान थरथरू लागली आणि माशी नाचू लागली. शिसवीच्या त्या दस्त्यात, जिथे त्यांचा गाल असायला हवा होता, तिथे एक खोलगट खड्डा होता. त्या खड्ड्याकडे पाहता पाहता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कवडूने माप गालाचं घेतलं नव्हतं. पानाचं घेतलं होतं.

"गोळी मारा!" सुभेदार ओरडले. आजूबाजूला फाट् फाट् सुरू झालं.

पुंडलिकरावांनी मागे वळून दोरीपलीकडे बसलेल्या आनंदाबाईंना खूण केली. गाल फुगवून दाखवला. पुन्हा फुगवून दाखवला. आनंदाबाईंना वाटलं दाढ दुखते.

"काईतरी दे! गालात धराले!" शेवटी ते कुजबुजले. ती कुजबूज मैदानभर ऐकू गेली.

आनंदाबाईंनी घाईघाईने संत्रं सोलून फोडी पुढे केल्या. पुंडलिकरावांनी त्या सगळ्या एकदम उजव्या गालात कोंबल्या. गाल वर आला, डोळा भोकासमोर आला, ठिपका स्वच्छ दिसला. पहिली गोळी बरोबर मध्ये! दुसरीही जवळच. पण संत्रं तळेगावचं, रसाळ. दर श्वासाला थोडा रस घशात जायचा आणि गाल तेवढा बसायचा. तिसरी गोळी खाली गेली. चौथी त्याहून खाली. फोडी जिरत गेल्या तशा गोळ्या जमिनीकडे निघाल्या.

"तुमच्या तोंडात काय आहे?" सुभेदार वर उभे.

"अं... हं."

"तोंड उघडा!"

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. सुभेदारांनी वाकून आत पाहिलं.

"संत्रं?"

"तुमी पान-तंबाखू म्हणले जी," आनंदाबाई दोरीपलीकडून म्हणाल्या, "संत्र्याचं काई बोलले नाई."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. नियमात संत्र्याबद्दल खरंच काही नव्हतं. "सतरंजीवर एक बी पडता कामा नये," एवढं बजावून ते पुढे गेले.

आता न जिरणारं काहीतरी हवं होतं. आनंदाबाईंनी आलुबोंडा पुढे केला. पुंडलिकरावांनी अर्धा तोडून गालात बसवला. काय तो नेमका बसला! मऊ, भरीव, जागच्या जागी. पुंडलिकरावांनी समाधानाने गाल टेकवला, श्वास धरला, बोट घोड्यावर नेलं, आणि दस्त्याच्या दाबाने बोंड्यातली अख्खी हिरवी मिरची दाढेखाली फुटली.

डोळ्यांतून धारा लागल्या. एका ठिपक्याचे दोन झाले, दोनाचे चार. पुंडलिकरावांनी त्यांतल्या त्यांत ओळखीच्या वाटणाऱ्या ठिपक्यावर उरलेल्या गोळ्या झाडल्या. थुंकावं तर सतरंजी, गिळावं तर गाल जातो! शेवटची गोळी सुटली तेव्हा ते नाकाने हुंदके देत होते. शेजारच्या नेमबाजाने हरल्याचं इतकं मनाला लावून घेऊ नका, असं त्यांना सांगितलं.

कप अर्थातच मधुकररावांना मिळाला. पुंडलिकरावांचा नंबर कोणी वाचूनच दाखवला नाही. मांडवात टाळ्या चालल्या असताना ते मागे उभे राहून सुजल्या डोळ्यांनी मधुकररावांच्या हातातल्या रायफलीकडे पाहत होते, कारण पाहिल्यावाचून त्यांना राहवतच नव्हतं. आणि त्यांना दिसलं की तिच्यावर एकही पट्टी नाही. पाटी नाही, पेच नाही, अंगठ्याचं भोक नाही. साधा, सरळ, अक्रोडाचा दस्ता. त्याच्या बुडाशी पिंपळपानाएवढा लाल डाग.

"माय वं!" आनंदाबाई म्हणाल्या. "हे तं माहं कुंकू होय!"

पुंडलिकराव गर्दीतून वाट काढत पुढे गेले. मधुकररावांनी त्यांना येताना पाहिलं आणि कप पाठीमागे धरला.

"हा माहा दस्ता होय!"

"तुमी चुलीत घालाले सांगतला होता," मधुकरराव ओशाळून म्हणाले. "म्या धावत कवडूकडं गेलतो. पेटवाचाच होता. म्या म्हणलं, मले दे."

"पण तुमाले काऊन पाह्यजे होता? तुमच्या दस्त्यावर तं एवढ्या पट्ट्या..."

"कायच्या पट्ट्या, पुंडलिकभाऊ!" मधुकररावांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "पह्यली पट्टी वाकडी बसली, ते झाकाले दुसरी लावली. भोक पाडलं तं लाकूड चिरलं, ते आवळाले पाटी. माहा दस्ता म्याच खराब केला. कप भेटे तो निस्ता सरावानं भेटे, पण सुख नव्हतं. समोर तुमची रायफल, जशी कारखान्यातून आली तशी. एक ओरखडा नाई. पाच वर्षं जळून राह्यलो मी तिच्यावर. रोज सकाळी तुळशीले पाणी घालाच्या निमतानं तुमच्या ओसरीवर पाहत राहो. जास्त पाण्यानं दोन तुळशी सडल्या माह्या!"

आपण दात झिजवत होतो त्याच वेळी पलीकडे हा माणूस तुळशी सडवत होता! पुंडलिकरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मिरचीची आगसुद्धा निवली.

परतीच्या बसमध्ये ते सारखे स्वतःशी हसत होते.

"पाच वर्षं!" ते आनंदाबाईंना म्हणाले. "पाच वर्षं तो माह्यावर जळत होता! आन् मले पत्ता नाई!"

आनंदाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "कप कोणापाशी हाय?"

"त्याच्यापाशी."

"आन् माह्या कुंकवाचा दस्ता?"

"तो बी त्याच्यापाशीच."

"आन् तुमच्यापाशी?"

पुंडलिकरावांनी मांडीवरच्या शिसवीच्या ओंडक्याकडे पाहिलं. मग दोन सीट पुढे मधुकररावांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या अक्रोडाकडे पाहिलं. बसच्या दिव्यात त्या लाकडाच्या रेषा काय सुंदर दिसत होत्या! रोज घरात होता तेव्हा त्या कधी नजरेलाच पडल्या नव्हत्या. त्यांचं हसू हळूहळू मावळलं आणि छातीत जुनी, ओळखीची जळजळ सुरू झाली. ती मिरचीची नव्हती.

गाव जवळ आलं तेव्हा ते बऱ्याच विचारानंतर बोलले.

"अवं, ऐकलं का? आपली तुळस मांगच्या आंगनात हाय ना, ते उद्या समोर आणून लावजो. माणूस दात तरी किती वेळ घासन?"