उणे वीस अंशांची चोरी

"मला गुन्हा शोधावा लागत नाही, गुन्हाच माझा पत्ता विचारत येतो," असं आमचे काका स्वतःबद्दल सांगतात. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी तलवारीची, हेही तेच सांगतात. चष्मा हरवला की ते तो डोळ्यांवर ठेवूनच घरभर शोधतात, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. ते आम्ही पाहिलेलं आहे. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर 'खाजगी अन्वेषक' अशी पाटी लावली. मी त्यांची पुतणी, आणि पगार, रजा व संमती यांपैकी काहीही नसलेली त्यांची सहायक.

माझा प्रबंध लस थंड कशी ठेवावी यावर होता. उणे वीस अंशांत ती टिकते आणि उन्हाळी खोलीत तिचं पाणी होतं, एवढं सिद्ध करण्यात माझी चार वर्षं गेली. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर शिष्यवृत्ती बंद होणार होती. काळजीचं कारण नव्हतं. परवाच काकांनी 'प्रबंधाला जरा रूप येईल' म्हणून त्याला एक नक्षीदार फाँट लावायला लावला होता, आणि माझ्या मार्गदर्शकांनी 'सुबक आणि निर्दोष' असा शेरा मारून तो मंजूरही केला होता.

सकाळी शेवटचं चाळायला बसले, तर पहिल्याच पानावर वाक्य होतं: 'ही लस २० अंशांवर सुरक्षित राहते.' पुढच्या पानांवरही तेच. उण्याची चिन्हं गेली होती. माझ्या चार वर्षांच्या कामाचा निष्कर्ष आता असा होता, की लस खिडकीत ठेवली तरी चालते.

प्रबंध मी टेकमध्ये लिहिला होता. म्हणजे आपण साधा मजकूर टाइप करायचा आणि टेक त्याची छापील पानं रचून देतं. शब्द जोडायची आखूड रेघ आणि उण्याचं चिन्ह दिसायला बहिणी, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, दोघींचे क्रमांक वेगळे. मी सगळीकडे खरं उण्याचं चिन्हच वापरलं होतं. मजकुरात ते जागच्या जागी होतं. पानावर येईपर्यंत वाटेत गळत होतं.

"गेली कुठे चिन्हं?" असं मी मोठ्यानं म्हणाले. ती माझी चूक. काका पलीकडच्या खोलीतच होते.

ते गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आले आणि खुर्ची, कपाट व दाराची कडी यांना गुंडाळून त्यांनी संगणकाला वेढा घातला. गुन्ह्याच्या जागेला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

"काका, पाचच्या आत द्यायचाय तो."

"पुरावा गेला तर प्रबंध घेऊन काय करशील?"

मग त्यांनी दोरीबाहेरूनच पडद्यावरची पानं न्याहाळली. वाक्यांतली चिन्हं गेली होती, समीकरणांतली शाबूत होती. काकांनी निष्कर्ष काढला, की चोर गणितात कच्चा आहे आणि समीकरणांत शिरायला घाबरतो. या वर्णनात आमची अख्खी गल्ली बसत होती, म्हणून त्यांनी हेतूकडे लक्ष वळवलं. उण्याचं चिन्ह नको असणारा माणूस कोण? वरच्या मजल्यावर राहणारे, सकारात्मक विचारांचे वर्ग घेणारे गुरुजी. त्यांची अर्धा तास उलटतपासणी झाली. गुरुजी सगळं ऐकून प्रसन्न हसले आणि मला म्हणाले, "आयुष्यातलं एक उणं आपण होऊन निघून गेलंय. ते परत का आणतेस?" वर त्यांनी वर्गाचं पत्रक दिलं.

खाली येताना काकांनी पुढचा संशयित जाहीर केला. माझे मार्गदर्शक. माझ्याखेरीज प्रबंध वाचलेला तो एकमेव माणूस. मी म्हटलं, त्यांना चिन्हं गेल्याचं दिसलं असतं तर ते बोलले नसते का? "म्हणूनच तर संशय," काका म्हणाले.

जेवणाची वेळ टळली होती. मी दोन वेळा दोरीखालून आत जायला पाहिलं, दोन्ही वेळा पकडली गेले. तेवढ्यात काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन दोरी शोधत आल्या. दोरी पाहिली, काकांकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"हा आपल्या लेकीच्या लग्नपत्रिकेचा फाँट ना?"

"शोभतो की नाही?" काका म्हणाले.

"त्यातही रेघ आली नव्हती. स्वागत समारंभ सात ते दहा, तर मधली रेघ गळून ७१० छापलं गेलं. तुमचे साहेब सहकुटुंब त्या हॉटेलात सातशेदहा नंबरची खोली शोधत हिंडत होते. सोडा आता माझी दोरी."

मी दोरी सुटायची वाट पाहिली नाही. आत शिरून वरच्या एका ओळीत जुन्या फाँटचं नाव घातलं. टेक चाललं, आणि लस पुन्हा गोठली. समीकरणांसाठी टेक गणिताचा वेगळा फाँट वापरतं, म्हणून ती वाचली होती. पत्रिकेच्या फाँटमध्ये 'सात ते दहा'तली लांब रेघ नव्हती, तसं उण्याचं चिन्हही नव्हतं. लग्नात वजाबाकी करायला कोण बसतं? आणि टेकनं दर वेळी खाली बारीक अक्षरांत 'हे चिन्ह या फाँटमध्ये नाही' असं सांगितलं होतं. पण ते इतकं काही सांगत असतं, की घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

"मला पहिल्यापासून फाँटचाच संशय होता," काका म्हणाले. "बोललो असतो तर तो सावध झाला असता."

चार वाजून गेल्यावर आम्ही नव्या प्रतीवर सही घ्यायला मार्गदर्शकांकडे पोचलो. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि ते नाराज झाले.

"तो फाँट का काढलात? छान होता. बाकी काही बदललं?"

"तापमान चाळीस अंशांनी उतरलं, सर."

"हरकत नाही," ते म्हणाले, आणि सही कुठे करायची ते विचारलं.

बाहेर आल्यावर काकांनी संशयितांची यादी माझ्या हातात दिली. मग त्यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला अचूक निष्कर्ष काढला.

"याचं नाव संशयितांतून काढून टाक. यानं प्रबंध उघडलेलाच नाही. निर्दोष आहे."