गेनूमामांचे आवळ्या आणि ढिल्या

गेनूमामांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. आणि हाच माणूस रोज सकाळी थर्मास घेऊन खाटकाच्या दुकानात हजर! "बकऱ्याचं आतडं द्या. वीतभर, पर ताजं." कुणी टोकलंच तर म्हणायचे, "खायला न्हाई वो, नाचवायला!"

नगरच्या आमच्या कॉलेजात मामा शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मी तिथली नवी डेमॉन्स्ट्रेटर. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. आतड्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगायचा, दोऱ्यानं काडीला बांधायचा, की काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर रेघ ओढतं. अ‍ॅसिटिलकोलीनचा थेंब टाकला की आतडं आवळतं, रेघ वर. अ‍ॅड्रेनलिन टाकलं की सैलावतं, रेघ खाली. ही नावं मामांच्या जिभेवर कुठली बसायला! त्यांचा एक आवळ्या, दुसरा ढिल्या. एका पोरानं तोंडी परीक्षेत हीच नावं सांगितली आणि बोलणी मी खाल्ली. मामांना त्याचं काय? प्राचार्य चिडून आले की माझ्या कानाशी येऊन, "बाई, सायबास्नी आज आवळ्या जास्त झालाय."

घरी जाण्याआधी मात्र अर्धा तास नळावर. भर थंडीत हात, मान, कान साबणानं खसाखसा. एकदा मी चिडवलं, "मामा, कुणाच्या लग्नाला निघालात?"

"मंडळीला दमा हाय बाई. काजळीचा नुसता वास आला तरी धाप लागती."

लाज वाटली मला.

मामांच्या बायकोचा, सखूबाईंचा, दमा त्या वर्षी फार बळावला होता. मागच्या खेपेला तर ओठ निळे पडले होते. डॉक्टर सुई घ्या म्हणत, आणि ही बाई सुईचं नाव काढलं की आतून कडी घाले. "सुईत आपला ढिल्याच असतो! छातीतल्या नळ्या त्योच सैल करतो. पर माझं ऐकतंय कोन?" सांगताना मामांचे डोळे भरून आले.

शेवटी त्यांनी बायकोलाच प्रयोगशाळेत आणलं. ढोल आदल्या दिवशीच काजळून ठेवलेला, खिडक्या सताड उघड्या. सखूबाई नाकाला पदर लावून स्टुलावर बसल्या. आवळ्या पडला, तुकडा गच्च झाला. "ही तुजी छाती समज," मामा म्हणाले. तुकडा धुऊन त्यांनी ढिल्या टाकला. आतडं हळूहळू सैल पडलं, रेघ उतरली.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेलेल्या बकऱ्याला उतार पडतोय, मी तर जित्ती हाय. घेते सुई. पर हात तुमी धरायचा."

आठ दिवसांनी धाप लागली तेव्हा मीही दवाखान्यात होते. बाईंनी मुकाट्यानं दंड पुढे केला. सुई टोचली, निघाली. थोड्या वेळानं छातीतली घरघर कमी झाली. आणि पंधरा वर्षं आतडी हाताळलेले आमचे मामा भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभे!

"झालं का वो?" त्यांनी विचारलं.

"मगाशीच झालं," सखूबाई म्हणाल्या. "हात सोडा आता."

मामांनी काही सोडला नाही.