नखाएवढ्या भीतीचे शास्त्र

मनुष्य पाहतो, ठरवतो, आणि एकदा ठरवल्यावर पुन्हा पाहत नाही. या एका तत्त्वावर वधूसंशोधन, नगरपालिकेच्या निवडणुका आणि इंटरनेटवरील खेळांची विक्री या तिन्ही व्यवस्था आज भक्कम उभ्या आहेत. पैकी पहिल्या दोहोंचे नियम सर्वांस ठाऊक आहेत. (म्हणूनच त्या तशा चालतात.) तिसरीचे येथे देत आहोत.

खेळ दुकानात मांडायचा तर त्याला एक चित्र लागते. त्यास थंबनेल म्हणतात, म्हणजे अंगठ्याचे नख. आकारही साधारण तेवढाच. आत खेळ केवढाही असो, गिऱ्हाईक नख बघते. नख आवडले तर बोट लावते. बोट लावले तर पान उघडते. पुरेशा लोकांनी पान उघडले तर दुकान तो खेळ चार लोकांपुढे सरकवते, नाहीतर तळघरात टाकते. तळघरात किती खेळ पडलेत हे मोजायला अजून कोणी खाली गेलेले नाही.

पेणच्या श्रेयसने तीन वर्षे खपून एकट्याने एक भयखेळ तयार केला होता. धरमतरच्या खाडीलगतचे मिठागर, उधाणाचे पाणी, फुटत आलेला बांध आणि बांधावर उभी एक बाई. बाई काही करत नाही, नुसती बघते. खेळणाऱ्याने पाणी चढायच्या आत बांध घालायचा आणि तिच्याकडे बघायचे नाही. नाव 'शेवटची भरती'. आईने मुदत दिली होती भाऊबीजेपर्यंत. तोवर दुकानाने खेळ पुढे सरकवला तर ठीक, नाहीतर मामाने शब्द टाकून ठेवलेल्या कंपनीत शिफ्ट धरायची. घरात यावर वाद नव्हता, कारण श्रेयसला बोलू दिले नव्हते.

पहिले थंबनेल त्याने स्वतःच केले. काळे पाणी आणि त्यावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत: शेवटची भरती.

प्रतिसाद उत्तम होता.

"वयोमर्यादा किती?"
"फिजिकल कुठं हाय? अलिबागला का?"
"माजी सैनिकांना सूट मिळेल काय?"

निडी गावच्या एका उमेदवाराने बारावीची गुणपत्रिका पाठवली. दुसऱ्याने फोन करून, आवाज खाली आणून विचारले, "साहेब, काय सेटिंग होईल का?" पान मात्र कोणी उघडले नाही. जाहिरात खरी असेल तर अर्ज बाहेरूनच भरायचा असतो, अशी समज जिल्ह्यात आहे.

तेव्हा श्रेयसने परदेशी तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहून शास्त्र समजून घेतले. ते असे:

नियम १. चेहरा एकच असावा.

नियम २. पार्श्वभूमी काळी. काळी म्हणजे काळी.

नियम ३. उजेड चेहऱ्यावर, तोही थोडाच.

नियम ५. चेहऱ्याने बघणाऱ्याकडे बघावे. हसू नसावे, असलेच तर ते कशाचे आहे हे कळू नये.

(नियम ४ रक्त न दाखवण्याविषयी आहे. तो दाखवलेला नाही.)

नियम ६. अर्थ एका सेकंदात कळावा. दुसऱ्या सेकंदाला गिऱ्हाईक निघून गेलेले असते.

चेहऱ्याचा शोध रोह्याला संपला. तेथे श्रेयसची आत्या लतिकाबाई राहते. एकतीस वर्षे हायस्कुलात भूमिती शिकवून ती निवृत्त झाली. अर्ध्या रोह्याने तिची नजर सोसली आहे. उरलेले अर्धे रोहे दुसऱ्या तुकडीत होते.

"फोटो कशाला? स्थळ आणलंस काय माझ्यासाठी?"

"नाय गं आत्या. गेममधल्या भुताला चेहरा पाहिजे."

लतिकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आणि त्या भुतानं करायचं काय?"

"काय नाय. नुसतं बघायचं."

"एवढंच ना? काढ."

फोटो घेऊन श्रेयस जितेशकडे गेला. जितेश मूळचा कासूचा; पेणमध्ये त्याचे फ्लेक्सचे दुकान आहे. त्याच्या संगणकात तीन फोल्डर आहेत: वाढदिवस, निवड, निधन. मनुष्याच्या आयुष्यात चौथे काही घडत असल्याचे त्याच्या पाहण्यात नाही. श्रेयसने सगळे नियम वाचून दाखवले. जितेशने शांतपणे ऐकले आणि तिसरा फोल्डर उघडला.

"अरे, हे तर माझ्याकडं रेडी हाय. तारीख आणि शोकाकुल तेवढं काढतो. हार ठेवू?"

"हार नको."

"समई?"

श्रेयसने विचार केला. "समई ठेव. कोपऱ्यात. वातावरणासाठी."

"आणि तुझ्या खेळाचं नाव?"

"बारीक टाक. एकदा पस्तावलोय."

अशा रीतीने परदेशी तज्ज्ञ आणि पेणचा जितेश एकाच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोहोचले. विज्ञानात यालाच पुरावा म्हणतात.

रविवारी सकाळी श्रेयसने दुकानाची लिंक घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. लिंकसोबत थंबनेल आपोआप उमटले. वर त्याने मनापासून लिहिले: "अखेर! तीन वर्षांच्या त्रासातून सुटका. सर्वांनी जरूर भेट द्यावी."

चुलतबहीण मनालीने ते लगेच रोह्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवले, खाली रडका चेहरा लावून.

नियम ६ खरा ठरला. एका सेकंदात अर्थ कळला. सर्वांना कळला, आणि सर्वांना एकच कळला.

पहिल्या तासाचा तपशील पुढीलप्रमाणे: नुसते जोडलेले हात, बहुसंख्य. 'भावपूर्ण श्रद्धांजली', पुष्कळ. 'भावपुर्ण श्रद्धाजंली', त्याहून पुष्कळ. "तीन वर्षं अंथरुणाला होत्या? कळवलं नाय कोणी. सुटल्या बिचाऱ्या," चार जण. वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक (ग्रुपवरचा कोणी हिरामण, सवयीने, नंतर काढून टाकल्या). लिंक उघडून पाहणारे, शून्य.

श्रेयस घाबरला. त्याने ताबडतोब खुलासा टाकला: "आत्या ठणठणीत आहे! हे माझ्या गेमचं थंबनेल आहे!" आणि सोयीसाठी खाली पुन्हा लिंक दिली. लिंकसोबत आत्या पुन्हा उमटली. सकाळी ज्यांचे राहून गेले होते त्यांनी आता हात जोडले. एकाने लिहिले, "परत वाईट वाटलं."

दुपारच्या गाडीने तो रोह्याला पोहोचला, तेव्हा दारात शेजारची शांती टोप घेऊन थिजली होती. टोपात पिठलंभात होता. दार लतिकाबाईंनी स्वतः उघडले होते.

"बाई... तुमी हायत?"

"हाय गो शांते. पण आणलास तर दे. थंड होतोय."

श्रेयसने तिथेच फोन काढला. "आत्या, मी आत्ताच्या आत्ता ते चित्र काढून टाकतो."

"काढू नको."

"अगं, सगळे तुला गेलीस म्हणतायत!"

"म्हणू देत. ब्याण्णवच्या बॅचचं अजून कुणी लिहिलेलं नाय." लतिकाबाईंनी भाताचा घास घेतला आणि फोन पुढे धरला. "हा सुशील बघ. 'बाईंनी आम्हाला जगण्याचा कोन दिला.' याला काटकोन येत नव्हता. हा गोपाळ. 'बाई मला पोटच्या मुलासारखं मानत.' कधी? वर्षभर वर्गाबाहेर उभा होता. आणि ही नूतन म्हणते, रोज माझी आठवण काढते. परवा बाजारात मला बघून कोथिंबिरीच्या आड गेली."

"वाईट वाटतं का तुला?"

"वाईट कसलं? जिवंतपणी एवढं कोण बोललं होतं?"

श्रेयस ओटीवर बसला. "आत्या, पण पान एकानं पण उघडलं नाय. भाऊबीज आली. मी लागतो शिफ्टला."

"उघडतील कशाला? बाहेरूनच उत्तर मिळालं. उत्तर मिळाल्यावर गणित कुणी सोडवतं काय?" बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पूर्वी फळ्यासमोर उभ्या राहत तशा उभ्या राहिल्या. "फोटो तोच ठेव. खाली मी सांगते ते लिही. मोठ्या अक्षरात."

जितेशने आधी नकार दिला. "हा मजकूर निधनमध्ये बसत नाय रे. वाढदिवसात टाकू?" शेवटी चौथा फोल्डर काढावा लागला. त्याला अजून नाव दिलेले नाही.

नवे थंबनेल सोमवारी सकाळी लागले. तोच चेहरा, तोच काळोख, तीच समई. खाली:

बाई हयात आहेत. सर्व वाचले आहे.

पान उघडायला सुरुवात झाली ती थांबेना. ज्यांनी ज्यांनी हात जोडले होते त्या प्रत्येकाने उघडले, बायकोच्या फोनवरून पुन्हा उघडले, खात्री होईना म्हणून खेळ विकत घेतला. आत बांधावर बाई उभ्या होत्या आणि बघत होत्या. सुशील पहिल्याच उधाणात बुडाला. गोपाळने दुकानाच्या अभिप्रायात लिहिले: "बाई, नमस्कार. मला बाहेर उभं केलंत ते योग्यच होतं. खेळ फार भीतीदायक आहे. पाच तारे." नूतनने तारे दिले आणि नाव दिले नाही.

हे बघून दुकानाने खेळ पुढे सरकवला. मराठीचा गंध नसलेल्या देशांतही तो आता खपतो. तिकडच्या लोकांना खालची अक्षरे वाचता येत नाहीत, तरी बाईंचा चेहरा पाहून आपण कधीतरी, कुठेतरी काहीतरी खोटे लिहिले आहे एवढे त्यांना नक्की आठवते. मामाने ती शिफ्ट दुसऱ्या भाच्याला दिली.

शास्त्र येथे पूर्ण झाले. वाचकांनी फक्त एक प्रात्यक्षिक करावे. गेल्या महिन्यात आपण कोणत्या ना कोणत्या ग्रुपवर, वर सरकता सरकता, कुणाला तरी हात जोडले आहेत. नेमके कुणाला, ते आता आठवून पाहावे. आठवत नसेल तर उघडून बघा.

तिकडे तुमच्या जोडलेल्या हातांपुढे वाचल्याची निळी खूण आली आहे.