गुंडूनानांची ताडपत्री

भर उन्हाळ्यात, भर दुपारी, आमच्या दुकानासमोर एक पासष्टीचा माणूस आपल्या पिकअपच्या हौद्यात उताणा झोपायचा, अंगावरून ताडपत्री ओढून घ्यायचा आणि आतून ओरडायचा, "शेट, वता!"

मग मी त्याच्यावर पाणी ओतायचो. घागरी-घागरीनं.

तुम्हाला वाटेल, हा काहीतरी नवसाचा प्रकार असणार. तसं काही नव्हतं. तो माझं गिऱ्हाईक होता. जळकोटचे गुंडूनाना. गेल्या उन्हाळ्यात पाच आठवडे ते माझ्या दुकानात ताडपत्री निवडत होते.

नळदुर्गात हायवेच्या कडेला माझं ताडपत्रीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गाडीवाले येतात, माप सांगतात, ताडपत्री घेतात, जातात. फार तर चहा पितात. ताडपत्री म्हणजे काय लग्नाचा शालू नव्हे, की दहा घड्या मोडून अकरावी मागावी. नाना येईपर्यंत मला तरी असंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी निळ्या ताडपत्रीचा कोपरा हातात घेतला. चोळला, नाकाला लावला, कानाशी नेऊन फडकवला. मला वाटलं, आता चावतात की काय. चावले.

"वास मारायलाय," तोंड पुसत म्हणाले.

"नाना, ताडपत्री आहे ती. अत्तराचा फाया नव्हे."

"मालाला लागतो की वास."

"मालाला काय कळतंय?"

झालं! नको ते बोललो. नानांनी चपला काढल्या, दुकानात चढून मांडी घातली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसे शाळेतले मास्तर नापास पोराच्या बापाकडं बघतात.

"शेट, मालाला तोंड न्हाय. म्हणून काय त्येला कायच हुत न्हाय व्हय?"

"मालाला तोंड न्हाय" हे नानांचं पालुपद. दिवसातून वीसदा तरी येणार. कांद्याला दम लागतो, म्हणून त्यावर घट्ट आवळायचं नाही. टमाटे एकमेकांशी भांडतात, म्हणून कॅरेटमध्ये कागद घालायचा. गतिरोधक आला की नाना मागं मान वळवून "सांभाळून बसा रं" असं पोत्यांना सांगतात. मी स्वतः ऐकलंय. तुळजापूरला जाईपर्यंत चार वेळा गाडी थांबवतात, ताडपत्रीखाली हात घालतात आणि चाचपून बघतात. आत तापाचं लेकरू झोपलंय असं एखाद्याला वाटावं. गाडीच्या फाळक्यावर त्यांनी लिहून घेतलंय, "घाई आहे? मग पुढं जा." सगळे पुढं जातात. सायकलवालेसुद्धा.

तर निळी नापास झाली. हिरवी आणली. ती वाऱ्यावर फार बोलते म्हणाले. काळी ऊन ओढते. मग एक जाड, रबराचा थर दिलेली दाखवली, माझ्या दुकानातली सगळ्यात उत्तम. नाना तिच्याखाली शिरले, अर्ध्या तासानं घामानं निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "आत जीव घुसमटतो."

"तुमचा घुसमटतो. मालाचा नाही घुसमटत."

"कशावरून?"

मी मुकाट्यानं ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

माझ्याकडं शिलाईच्या मशीनवर रशीदचाचा असतात. चाळीस वर्षं ताडपत्र्या शिवतायत, वर बघत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "शेट, ये आदमी ताडपत्री नै लेरा. रिश्ता देखरा."

पाण्याची परीक्षा तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. नळदुर्गात मे महिन्यात पाणी म्हणजे काय चीज आहे हे नानांना ठाऊक, म्हणून पाणीही ते स्वतःच्या बोअरचं आणायचे, दोन पिंपं भरून. हौद्यात झोपताना छातीवर एक पितळी ताटली ठेवायचे. ताटलीत शेवया. हो, खायच्या शेवया. मी पंधरा-वीस घागरी ओतल्या की नाना ताडपत्री बाजूला करून उठायचे आणि ताटलीतली एकेक शेवई कानाशी धरून मोडायचे. कट्ट वाजली की मान डोलवायची. वाजली नाही की चेहरा पडायचा.

"वली झाली," म्हणायचे. "दमट हवा शिरली आत."

"नाना, तुमच्याच घामानं झाली असेल."

"पाणी ते पाणी. शेवईला काय, कुणाचं का असंना."

बघ्यांची गर्दी जमायला लागली. बसला वेळ असेल तर लोक मुद्दाम येऊन उभे राहायचे. माझी चिडचिड व्हायची, कारण त्यातला एकही ताडपत्री घेत नव्हता. शेवटी एक दिवस मी घागर खाली ठेवली आणि म्हणालो, "नाना, आता सांगा. हे कशासाठी चाललंय? नाहीतर मी एक थेंब ओतणार नाही."

नाना हौद्यातच बसून राहिले. ताटली मांडीवर. आणि मग सांगितलं.

त्यांची एकुलती एक लेक सुमन. तेरला दिलेली. बावीस वर्षं झाली. तेव्हा नानांकडं जुना टेम्पो होता. लग्नानंतर तिचं सामान पोचवायला दुसऱ्याची गाडी कशाला, आपण स्वतः नेऊ, म्हणून कपाट, भांडी, गादी, रुखवत सगळं त्यांनीच भरलं. आच्छादन म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या उसवून एकाला एक शिवल्या होत्या. शिवण्याचा त्यांना भारी अभिमान. धाराशिव मागं पडलं आणि वळवाचा पाऊस असा कोसळला की पुढच्या काचेतून रस्ता दिसेना. नाना थांबले नाहीत, कारण विहीणबाई वाट बघत होत्या. तेरला दारात गोण्या उचलल्या, तर गादीतून पाणी गळत होतं. शेवया, कुरडया, पापड यांचा एकच लगदा झालेला. नानांच्या बायकोनं दोन महिने अंगणात बसून केलेलं रुखवत होतं ते.

"इहीणबाय म्हनल्या, 'अगं बया, सगळंच वलं की!' अन् समद्या बाया हसल्या," नाना म्हणाले. "सुमी मातुर कायच बोलली न्हाय. नुसती बघत हुती लगद्याकडं. मालाला तोंड न्हाय शेट, अन् पोरीला असून न्हाय."

त्या दिवसापासून नाना लेकीच्या घरात बसलेले नाहीत. जातात सारखे. ज्वारी नेऊन देतात, हरभरा नेऊन देतात. पण उंबऱ्याबाहेरूनच. "गाडी तापलीया," "फुडं भाडं हाय," असं काहीतरी सांगायचं, पोतं ओट्यावर टेकवायचं आणि निघायचं. बावीस वर्षं त्यांची गाडी तापलेलीच आहे. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून उन्हाळ्यात शेवयाही स्वतःच करतात आणि तेरला पोचत्या करतात. ताटलीतल्या शेवया त्यांच्याच हातच्या.

"आता सुमीच्या लेकीचं लगीन हाय," म्हणाले. "सुमीनं फोन केला. म्हनली, नाना, सामानाला गाडी तुमचीच लागंल." हे वाक्य त्यांनी मला आधीही सांगितलं होतं, पंधरा वेळा तरी. मी लक्ष दिलं नव्हतं. "तिनं इश्वास टाकलाय शेट. नातीची गादी कोरडीच पोचली पायजे."

मी घागर उचलली आणि विचारलं, "आता कुठल्या बाजूनं ओतू?"

शेवटी मेण दिलेलं खाकी कॅनव्हास पास झालं. जड, जुन्या चालीचं, पण आत हवा राहते आणि शेवई कट्ट वाजते. रशीदचाचांनी कडेला दुहेरी शिवण घातली, नेहमीच्या दुप्पट पितळी रिंगा ठोकल्या आणि मजुरी घेतली नाही. "लडकी की शादी है," एवढंच म्हणाले. नानांनी मला मात्र बजावलं, "ताडपत्री तुमची हाय. बांधायला तुमी लागताव." म्हणून मी दुकान बंद करून, चांगला शर्ट घालून, नानांच्या शेजारी बसून तेरला लग्नाला गेलो. पोचायला किती वेळ लागला ते विचारू नका. फाळक्यावर लिहिलंच आहे.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि सुमनच्या दारात गाडी भरायला सुरुवात झाली. ऊन रखरखीत. आभाळात औषधालाही ढग नव्हता. तरी नानांनी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर चादर, वर सतरंजी, त्यावर ताडपत्री. मग एकेका रिंगेतून दोरी ओवत, गाठ मारत, गाठीवर गाठ मारत गाडीभोवती फिरू लागले. धोतराचा सोगा घामानं भिजला होता. मी दुसऱ्या बाजूनं ओढून धरत होतो.

ओट्यावर सुमनच्या सासूबाई बसल्या होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, दात गेलेले, आवाज मात्र खणखणीत. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्याही, एवढं कशापायी आवळायलाव? गादी काय पळून जायलीय व्हय?"

नानांचे हात थांबले. मान खाली घालून म्हणाले, "येकडाव झालं तेवढं बास झालं, इहीणबाय. पुन्ना वली गादी न्हाय यायची माज्या गाडीतनं."

म्हातारी हसायला लागली. मला राग आला. बावीस वर्षांपूर्वीही असंच हसली असणार, असं वाटलं. पण तिचं हसणं मधेच ओलावलं.

"अवं, त्या गादीनं तर सून दिली मला," ती म्हणाली. "आठ दिस वाळली न्हाय ती गादी. कापूस पिंजून घ्यावा लागला. मग पोरीनं निजावं कुठं? घेतली माज्या वाकळंत. आठ दिस माज्या कुशीत रडली, अन् माज्याच कुशीत गप झाली. माज्या सासूनं मला कंदी जवळ घेतलं न्हवतं, मला तरी काय ठावं सून कशी जवळ घ्यायाची? गादी कोरडी आली असती, तर मी बी दिलं असतं तिला हातरून कोपऱ्यात टाकून."

सुमन दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. ती सासूकडं बघत म्हणाली, "अन् त्या शेवयांच्या लगद्यात आत्यांनी दूधगूळ घालून सगळ्यांना खायाला घातलं. आईच्या हातचं वाया जाऊ दिलं न्हाय."

नाना तिच्याकडं वळले. म्हणाले, "मग सांगायचं न्हाय व्हय गं मला?"

"तुमी कंदी बसलावच न्हाय नाना," सुमन म्हणाली. "उभ्या माणसाला काय काय सांगावं?"

मी दोरी धरून उभा होतो. ती सोडावी की धरावी कळेना. बावीस वर्षं हा माणूस पोत्यांना, कांद्यांना, टमाट्यांना काय होत असेल याचा विचार करत राहिला, आणि लेकीला एकदा विचारायला त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच एक गाठ सोडून पुन्हा मारली.

नानांनी चपला काढल्या. ओटा चढले. उंबऱ्यापाशी क्षणभर थबकले आणि आत गेले. आतून चहाच्या कपबशीचा आवाज आला, म्हातारीचा खणखणीत आवाज आला, मग सुमन मोठ्यानं हसल्याचा आला. "गाडी तापलीया" असं कुणी म्हटलं नाही. पोरीला निरोप द्यायची वेळ झाली तरी नाना बाहेर येईनात. शेवटी नवऱ्याकडचे लोक घाई करायला लागले, तेव्हा आले. डोळे लाल होते.

नात गाडीत बसायच्या आधी आजोबांच्या पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग पिकअपला एक चक्कर मारली. सगळ्या गाठी चाचपल्या. मागच्या उजव्या कोपऱ्याशी थांबले, जिथं आत गादी होती. पाठमोरे होते, म्हणून मला हात दिसले नाहीत.

ते बाजूला झाले तेव्हा मी बघितलं. त्या कोपऱ्याच्या तीन गाठी सोडलेल्या होत्या. ताडपत्रीचं टोक लोंबत होतं, आत गादीवरची सतरंजी दिसत होती.

माझ्यातला दुकानदार जागा झाला. तीन आठवडे पाणी ओतलंय मी. धावत जाऊन दोरी उचलली. "अहो नाना, हे सुटलंय!"

"ऱ्हाऊ द्या शेट, तेवढं."

"वाटेत पाऊस आला तर गादी भिजेल."

नानांनी मान वर करून आभाळाकडं बघितलं. तिथं नुसतं ऊन होतं. मग त्यांनी माझ्या हातातली दोरी हळूच काढून घेतली.

"बघू," म्हणाले, "तिच्या नशिबात असंल तर भिजंल."