गंधेकाकांनी तपासणीला घेतलेले दोन धर्म

गंधेकाका भाजी घेताना आधी भाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "क्यों भाई, तुममें आत्मा है क्या?" आमच्या या हिंदी मुलखातल्या अवधपुरी कॉलनीच्या बाजारात आता याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. भाजीवाला मेथीवर पाणी मारता मारता म्हणतो, "अंकल, अभी बोहनी नहीं हुई, आत्मा कहां से लाऊं?" काका हे गंभीरपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग जुडी निवडायला लागतात.

काका आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, इथल्या कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे आणि 'पास' नाहीतर 'वापस' असा शेरा मारायचा, यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसांनाही तेच शेरे मिळू लागले. गेल्या वर्षी सुजाताकाकू गेल्या आणि तेव्हापासून त्यांनी थेट धर्मच तपासणीला घेतले. तेही एक नाही, दोन.

कारण घरातच दोन होते. काका हिंदू, काकू बौद्ध. देवघरात गणपती, टीव्हीच्या वरच्या फळीवर बुद्ध, आणि दोघांवरची धूळ काकूच पुसायच्या. मोदक झकास करायच्या, पण आरतीला उभ्या राहायच्या नाहीत. "आत्मा असता ना, तर यांनी एव्हाना त्यालाही पट्टी लावून बघितलं असतं," असं म्हणायच्या.

मी शाळेत इतिहास शिकवते, हा माझा गुन्हा. वैदिक धर्म आणि बौद्ध धर्म असा एक धडा मी सहावीला शिकवते, तेवढ्यावर काकांनी मला जाणकार ठरवून टाकलं. संध्याकाळी येतात आणि चहाचीही वाट न बघता सुरू होतात.

"वेद कोणी रचले?"

"अपौरुषेय मानतात, काका. कुठल्या माणसाने रचलेच नाहीत."

"म्हणजे मालावर बनवणाऱ्याचं नाव नाही. वापस! बुद्धाचं बरं आहे. घर सोडलं, झाडाखाली बसला, दुःख कशानं होतं ते शोधून काढलं. तृष्णेनं. पास."

"मग झालं तर."

"कुठे झालं? तो म्हणतो पुनर्जन्म आहे, पण आत्मा नाही. अगं, मग जातं कोण?"

"कर्म पुढे जातं, काका."

"कुणाचं?"

इथे माझा धडा संपतो. पुढे स्वाध्याय आहे.

विहारातल्या भन्तेजींनी त्यांना एका दिव्यावरून दुसरा दिवा लावून दाखवला. काकांनी विचारलं, तेल जुनंच का नवीन? पंडितजींनी सांगितलं, आत्मा कपडे बदलावेत तसं शरीर बदलतो. काकांची शंका, मापाचं शरीर तो शोधतो कसा? हे सगळं ऐकून माझाच इतका गोंधळ उडाला की वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी कोण, असं मला वाटायला लागलं.

तशात वर्ष भरत आलं. अमरावतीहून काकांच्या बहिणीचा फोन आला, "दादा, वर्षश्राद्ध कर, पिंड दे. नाहीतर वहिनीला गती नाही मिळायची." नागपूरहून काकूंच्या भावाचा आला, "भाऊजी, पिंडदान करणार नाही अशी ताईची प्रतिज्ञा होती. भन्तेजींना बोलवा, पुण्यानुमोदन करा. तिला पुण्य पोचेल." काकांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी दोघांनाही हो म्हटलं.

त्या सकाळी मी गेले, तर पंडितजी आणि भन्तेजी एकाच सोफ्यावर बसून कॉलनीतल्या पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होते. काका स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभे.

"काका, बाहेर दोघं खोळंबलेत. कुणाला थांबवायचं?"

"कुणालाच नाही. चहा दे आणि जाऊ दे." ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, शेवटी दोघांचं म्हणणं एकच निघालं. एक मोक्ष म्हणतो, एक निर्वाण. म्हणजे सुटायचं आणि परत यायचं नाही. पिंड दिला तरी ती पुढे, पुण्य दिलं तरी पुढे. दोघंही तिला पुढेच ढकलतायत." त्यांनी चष्मा काढला. "मला ती हवी आहे गं. आत्म्यासकट, आत्म्याशिवाय, कशीही."

मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"तुझ्या पुस्तकाप्रमाणे सांग. इतकी चांगली बाई. सुटली असेल का?"

पुस्तकात असलं काही नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी शाळेतल्या आवाजात ठोकून दिलं, "छे! काकूंना राग केवढा यायचा. रागीट माणूस इतक्या लवकर सुटत नाही. दोन्ही धर्मांत नाही."

काकांचा चेहरा उजळला. "राग ना? भयंकर! एकदा भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तर पातेलंच उचलून तुमच्याकडे देऊन आली. आणि साड्यांचा लोभ? अन् हट्टी तर विचारू नकोस. मला कारखान्यातून यायला कितीही उशीर होवो, माझ्याशिवाय जेवायची नाही. भुकेली थांबून राहायची, वेडी."

"हे तर फारच वाईट, काका," मी म्हटलं. "थांबणारी माणसं मुळीच सुटत नाहीत."